दृष्टिहीन मुलांना दात घासायला नेमकं कसं शिकवायचं? (निवासी शाळा, वय ६ ते १४)

अधीक्षिका_वसतिगृह

नमस्कार मंडळी. अंध मुलामुलींच्या निवासी शाळेत दात घासण्याची घडी नव्याने बसवायची आहे, त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा. मुलं ६ ते १४ वर्षांची. साधारण निम्मी पूर्ण अंध, बाकीची अल्पदृष्टी. दोघांना दिसतही नाही आणि ऐकूही फार कमी येतं.

अडचणी अशा: पेस्ट ब्रशवर कमी आणि मोरीत जास्त जाते. पुढचे दात बऱ्यापैकी स्वच्छ असतात, दाढांवर मात्र थर तसाच. नवा ब्रश महिन्याभरात पिंजारतो. हिरडीतून रक्त आलं की मूल त्या बाजूला ब्रश न्यायचंच सोडतं. ब्रशांची अदलाबदल होते ती वेगळीच. मिळणारे तक्ते, चित्रं, व्हिडिओ सगळे बघून शिकणाऱ्यांसाठी आहेत.

"हे बघ, असं कर" म्हणता येत नाही, तर सुरुवात कुठून करायची? आणि मूल म्हणालं "घासले दात", तर ते खरंच स्वच्छ झालेत हे त्याचं त्याला कसं कळावं?

बालदंतवैद्य

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. डोळस मूल आरशात बघतं. दृष्टिहीन मुलाकडे त्या कामासाठी जीभ आहे, आणि ती आरशापेक्षा कमी नाही. थर बसलेला दात जिभेच्या टोकाला खरखरीत, चिकट लागतो. घासलेला दात काचेच्या पेल्यासारखा गुळगुळीत लागतो. हा फरक मुलाला शब्दांत सांगून उपयोग नाही, तो एकदा घडवून आणावा लागतो. त्यासाठी पहिल्याच दिवशी संपूर्ण तोंड घासायला लावू नका. वरच्या पुढच्या दातांपैकी फक्त उजवीकडचे दोन घासू द्या, डावीकडचे दोन तसेच ठेवा. मग जीभ आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरवायला सांगा. दोन बाजूंमध्ये काय वेगळं लागलं ते मुलाने स्वतः सांगेपर्यंत थांबा. हे एकदा कळलं की "स्वच्छ" म्हणजे काय याचं माप त्याच्या तोंडातच तयार होतं.

शिकवण्याची एक पद्धत याच मुलांसाठी तयार झालेली आहे. बेळगावच्या हेब्बल आणि अंकोला या दंततज्ज्ञांनी २०१२ मध्ये ती मांडली: आधी ऐकणं, मग स्पर्श, मग स्वतः करणं. आधी बोलून सांगायचं की दात कशाला असतात, थर म्हणजे काय, कीड कशी लागते. मग जबड्याचा मोठा साचा मुलाच्या हातात द्यायचा. पटाशीच्या दातांची सरळ धार, सुळ्याचं टोक, दाढेवरचे उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खाचा हे बोटाने नीट चाचपू द्यायचं. प्रत्येक दाताला घासायच्या तीन बाजू असतात, गालाकडची, जिभेकडची आणि चावायची, हे साच्यावरच पक्कं करायचं. त्यानंतर साच्यावर ब्रश फिरवायचा, आणि शेवटी स्वतःच्या तोंडात. असा साचा दंतमहाविद्यालयांकडे असतो. बालदंत किंवा सार्वजनिक दंतआरोग्य विभागाला विचारलंत तर शिबिरासोबत तो घेऊन येतील.

साच्यावरून तोंडात जाताना एक पायरी बरेच जण गाळतात. हात धुऊन मुलाला स्वतःच्या तर्जनीने आपले दात मोजू द्या. दुधाचे दात २० असतात, १२-१३ वर्षांपर्यंत कायमचे २८ होतात. मोजता मोजता शेवटची दाढ किती मागे आहे हे त्याला कळतं. तुमच्या मुलांच्या दाढा न घासल्या जाण्याचं मोठं कारण हेच आहे की तोंड तिथपर्यंत आहे हे त्यांना माहीतच नसतं.

आता क्रम. तो रोज एकच असला पाहिजे. उजव्या हाताने घासणाऱ्यासाठी: वर, उजवीकडची शेवटची दाढ, गालाकडची बाजू. तिथून पुढे सरकत डाव्या टोकापर्यंत. मग आत वळून जिभेकडच्या बाजूने डावीकडून परत उजवीकडे. मग चावायच्या बाजू. खाली पुन्हा तसंच. ब्रशच्या डोक्याखाली एका वेळी दोन-तीन दात येतात, तेवढ्या जागी दहा आकडे मोजायचे आणि पुढे सरकायचं. साधारण दोन मिनिटं लागतात. लहानांना गोल गोल फिरवणं जमतं तेवढं पुरे. दहा वर्षांपुढच्या मुलांना ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून अगदी छोट्या हालचाली शिकवा.

इथे चुका कुठे होतात ते सांगतो. "मोठा आ कर" म्हटलं की गाल ताणला जातो आणि वरच्या दाढेच्या बाहेर ब्रशला जागाच उरत नाही. गालाकडची बाजू घासताना तोंड अर्धवट मिटलेलं हवं. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आडव्या ब्रशने घासली जात नाही, तिथे ब्रश उभा धरायचा. कीटण सगळ्यात आधी तिथेच साचतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथे उघडतात.

आणि सहाव्या वर्षाची दाढ! दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे ती उगवते, कुठलाही दात न पडता, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती अर्धी वर आलेली असताना शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्यावरून नुसताच निघून जातो. मुलाचं बोट त्या दाढेवर ठेवून ओळख करून द्या. ती घासताना ब्रश गालाकडून आडवा आत घालायला सांगा. खोल खाचांमुळे याच दाढा लवकर किडतात. ती पूर्ण वर आली की खाचा बंद करणारा सीलंटचा थर लावून घ्या. त्यासाठी ना इंजेक्शन लागतं ना ड्रिल. बाराव्या वर्षाच्या दाढेलाही तेच.

पांढरी_काठी

डॉक्टरांनी तोंडाच्या आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. मुलांना वावर आणि दैनंदिन कौशल्यं शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने.

हात धरून शिकवताना आपला हात मुलाच्या हाताखाली असावा, वर नको. ब्रश तुम्ही धरा आणि मुलाने आपला हात तुमच्या हातावर ठेवावा. हालचाल, दाब, वेग त्याला तळहातातून कळतो, आणि नको वाटलं तर हात काढून घेता येतो. वरून हात दाबून धरला की मूल हालचाल शिकत नाही, फक्त सहन करतं. ज्यांना ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी तर हाच मुख्य मार्ग. त्या दोघांना नळावर नेण्याआधी दर वेळी त्यांचा ब्रश हातात द्या म्हणजे पुढे काय होणार ते कळेल. तोंडाला हात लावण्याआधी गालावर दोनदा टिचकीवजा स्पर्श करा. ती खूण सगळ्या कर्मचाऱ्यांनी एकच ठेवायची, प्रत्येकाची वेगळी चालणार नाही.

पेस्ट घेणं. ब्रशच्या केसांच्या दोन्ही बाजूंना डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कुंपणासारखी धरायची. ट्यूबचं तोंड त्या दोन बोटांच्या मध्ये टेकवायचं आणि दाबायचं. पेस्ट वर आल्याचं बोटांना कळतं. मग तर्जनीने ती केसांमध्ये दाबून बसवायची. ही शेवटची पायरी नसते म्हणून तुमची पेस्ट मोरीत जाते: ती केसांवर नुसती ठेवलेली असते आणि ब्रश तोंडाकडे नेताना तिरका झाला की गळून पडते. दुसरी सोपी रीत म्हणजे पेस्ट बोटावर घेऊन थेट पुढच्या दातांना लावायची आणि मग कोरडा ब्रश तोंडात घालायचा. नवशिक्यांना ही लवकर जमते. मात्र दोन्ही रीतींत ट्यूब ज्याची त्याची हवी. एक मोठी ट्यूब सगळ्यांत फिरवली तर एकाच्या तोंडातलं दुसऱ्याकडे जातं.

ब्रश ओळखण्यासाठी रबरबँड लावतात, पण पाण्याने ते महिनाभरात सैल होतात. विजेच्या कामाची चिकटपट्टी दांड्याच्या शेवटाला गुंडाळा: एकाला एक वेटोळं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला मधे बोटभर अंतर सोडून दोन. एकसारखे ब्रश घेण्यापेक्षा दोन-तीन वेगळ्या आकाराच्या दांड्यांचे घेतले तर कमी खुणांत भागतं. अल्पदृष्टीच्या मुलांना ठळक रंगाचे, पांढऱ्या बेसिनवर उठून दिसतील असे. ठेवायला भिंतीवर ओळीने खुंट्या, प्रत्येकीशेजारी ब्रेलमध्ये नाव, ब्रशचं डोकं वर आणि शेजारच्याला न टेकणारं. सगळे ब्रश एका मगात उभे करण्याची पद्धत कृपया बंद करा.

नळाची जागाही नेमून द्या. प्रत्येकाचा नळ ठरलेला, पाण्याचा मग डाव्या हाताला, ब्रश उजव्या. सगळी एकदम गेली की धक्काबुक्कीत दोन मिनिटं कोणीच घासत नाही. सहा-सहाचे गट करा. वेळेसाठी दोन मिनिटांचं गाणं किंवा आवाज देणारा टायमर लावा. गाणं अर्ध्यावर आलं की वरचा जबडा संपवून खाली यायचं, असं ठरवून टाका.

अधीक्षिका_वसतिगृह

दोघांचे मनापासून आभार. हात खाली ठेवण्याची गोष्ट कर्मचाऱ्यांना उद्याच सांगते.

पुढचे प्रश्न: पेस्ट किती आणि कुठली? ब्रश इतक्या लवकर का पिंजारतात? रक्त आलं तर घासणं थांबवायचं का? आणि कर्मचाऱ्यांनी किती वयापर्यंत स्वतः घासून द्यायचं?

बालदंतवैद्य

पेस्ट फ्लोराइडचीच, १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग). भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडची कमाल मर्यादाही हीच आहे. डब्यावर आकडा छापलेला असतो, तो वाचून घ्या. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. तुमच्या मुलांना वाटाण्याएवढी पुरते. वाटाणा प्रत्यक्ष हातात द्या, मग शेजारी बोटावर पेस्ट घ्यायला लावा आणि दोन्हींची तुलना करू द्या. पूर्ण ब्रशभर पेस्ट घेतली की फेस इतका होतो की मूल अर्ध्या मिनिटात थुंकून मोकळं होतं. दाढा राहण्याचं हे दुसरं कारण.

घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही. फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहिलं तरच काम करतं. पाण्याची टंचाई असलेल्या वसतिगृहात ही सवय दुहेरी फायद्याची. ज्या मुलाला थुंकता येत नाही, म्हणजे सगळं गिळतो, त्याला तांदळाच्या दाण्यापुरतीच पेस्ट द्या आणि थुंकणं वेगळं शिकवा: आधी पाण्याचा घोट तोंडात धरायचा, मग गाल फुगवून बाहेर टाकायचा. इतरांना बघून ते आपोआप येईल असं धरून चालू नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे. तिथली शाळा असेल तर पाण्याचा तपासणी अहवाल दंतवैद्याला दाखवून पेस्टचं ठरवा.

ब्रश तीन महिन्यांच्या आत पिंजारतो तो दोन कारणांनी: जोर लावून घासणं किंवा ब्रश चावणं. किती जोर हवा ते तोंडाबाहेर शिकवा. ब्रश मुलाच्या नखावर टेकवून हलवा. केस किंचित वाकावेत, आडवे झोपू नयेत. ब्रश मुठीत धरणाऱ्याचा जोर जास्त पडतो. तो पेनसारखा बोटांत धरायला लावला की आपोआप कमी होतो. ब्रश मऊच घ्या, छोट्या डोक्याचा. चावणाऱ्या मुलाला घासण्याआधी चावायला वेगळी वस्तू द्या. बऱ्याच दृष्टिहीन मुलांना वस्तू तोंडाने तपासायची सवय दीर्घकाळ राहते, त्याबद्दल रागावून काही साधत नाही.

रक्त. ते यायला लागलं म्हणजे तिथे थर साचून हिरडी सुजली आहे. घासणं सोडलं की थर वाढतो, सूज वाढते, रक्त आणखी येतं. मुलाला खारट चव कळते, घासलेल्या जागी दुखतं, आणि आपण इजा केली असं त्याला वाटतं. त्याला नीट सांगा की खारट चव आली ती जागा जास्त वेळ घासायची आहे, पण हलक्या हाताने. रोज दोन वेळा तसं केलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त थांबतं. थांबलं नाही, किंवा हिरड्या दातांवर चढून जाड झाल्या असतील, तर दाखवा. फिटसाठी फेनिटॉइन चालू असलेल्या मुलांमध्ये हिरड्या अशा वाढतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण औषध देणाऱ्या डॉक्टरांना कळवायचं.

कर्मचाऱ्यांची मदत: डोळस मुलांनाही सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी घासून द्यावं लागतं. तुमच्याकडे वय बघू नका, काम बघा. सुट्या हातांनी नाडी बांधता येत नसेल तर त्या मुलाच्या हाताला दाढांची मागची बाजूही जमणार नाही. सकाळी मुलाने स्वतः घासायचं, रात्री मोठ्याने एकदा हात फिरवायचा, अशी वाटणी करा. रात्रीची वेळ महत्त्वाची, कारण झोपेत लाळ कमी सुटते. त्यानंतर फक्त पाणी. मोठ्याने मुलाच्या मागे उभं राहावं, त्याचं डोकं आपल्या अंगाला टेकवावं आणि प्रत्येक स्पर्शाआधी बोलावं: "आता ओठ उचलते, आता डावी दाढ."

शिवाय आठवड्यातून एकदा प्रत्येकाचं तोंड कोणीतरी डोळ्यांनी बघायलाच हवं. जिभेला थर कळतो, पण किडीची पहिली खूण कळत नाही. ती म्हणजे हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी रेघ. ओठ वर उचला, दात स्वच्छ कापडाने कोरडा करा आणि टॉर्च मारा. ओला दात ती रेघ लपवतो. या टप्प्यावर फ्लोराइड वार्निश लावून ती मागे फिरवता येते. रेघ तपकिरी झाली, खड्डा पडला, की ते हुकलं. वार्निश दर तीन ते सहा महिन्यांनी लावतात, दात पुसून ब्रशने फासायचं, काही मिनिटांचं काम. दातावर थर दाखवणाऱ्या रंगाच्या गोळ्या अंध मुलासाठी निरुपयोगी असल्या तरी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला फार उपयोगी पडतात, आणि ज्यांना थोडं दिसतं त्यांना मोठं करून दाखवणाऱ्या आरशात, चांगल्या उजेडात, रंग स्वतः बघता येतो.

छोटीची_आई

धाग्यात थोडा वेगळा प्रश्न घुसवते, क्षमस्व. मुलगी पाच वर्षांची, अल्बिनिझम आहे (जन्मतःच त्वचा, केस, डोळ्यांत रंगद्रव्य कमी), उजेड सहन होत नाही. दाढेत सिमेंट भरायचं आहे. खुर्चीवरचा दिवा लागला की ती डोळे मिटून तोंडही मिटते. डॉक्टरांना आधीच काय सांगून ठेवावं? भूल देऊन करू म्हणाले तर चालेल का?

बालदंतवैद्य

आधीच फोन करून सांगाल ते सगळ्यात उत्तम. दिवा लावताना तो आधी छातीवर धरून मग हळूहळू वर तोंडाकडे आणायचा, थेट चेहऱ्यावर नाही. तिचा गडद चष्मा आणि पुढे झाप असलेली टोपी खुर्चीतही राहू द्या. सिमेंट कडक करणाऱ्या निळ्या दिव्यासाठी नारिंगी चष्मा वेगळा लागतो. तो दवाखान्यात असतो, मागून घ्या. डोळे सतत हलत असतील तर अशा मुलांना डोकं एका विशिष्ट कोनात ठेवलं की बरं दिसतं. डोकं सरळ करायचा आग्रह नको.

दृष्टिदोष असलेल्या कुठल्याही मुलासाठी नेहमीची "सांगा, दाखवा, करा" ही पद्धत "सांगा, हाताळू द्या, करा" अशी बदलावी लागते. आरसा, कापसाची गुंडाळी, लाळ ओढणारी नळी आधी हातात. पाण्याचा फवारा आधी तळहातावर. यंत्राचा आवाज तोंडापासून लांब ऐकवायचा. खुर्ची मागे नेण्याआधी सांगायचं, आणि हलताना मुलाचा हात धरायचा. लवंग तेलासारख्या उग्र वासाची आणि कडू चवीची आधी सूचना द्यायची. सगळ्यात वाईट म्हणजे शांतता: डॉक्टर न बोलता दोन मिनिटं औषध कालवत असले तरी मुलाला कळत नाही की खोलीत कोणी आहे की नाही. बाहेर जाताना आणि परत येताना आवाज द्यायलाच हवा. तुम्हीही शेजारी बसून बोलत राहा, मात्र एका वेळी एकानेच सूचना द्यायची.

अल्बिनिझम आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम विचारतो: तिला किरकोळ मारानेही काळे-निळे डाग पडतात का? नाकातून वारंवार रक्त येतं का? अल्बिनिझमच्या एका दुर्मीळ प्रकारात रक्तातल्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत. सिमेंट भरायला अडचण नसते, पण दात काढायचा असेल तर आधी तपासणी हवी.

भुलीबद्दल. नाकावाटे देतात त्या नायट्रस ऑक्साइडच्या बाबतीत एक पथ्य आई-वडिलांनी पाठ करून ठेवावं. डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) शस्त्रक्रियेत आत वायू भरलेला असेल तर तो पूर्ण जिरेपर्यंत नायट्रस ऑक्साइड अजिबात चालत नाही. तो त्या फुग्यात शिरून डोळ्यातला दाब वाढवतो आणि उरलेली नजर जाऊ शकते. वायूच्या प्रकारानुसार तो काही दिवसांपासून सुमारे दोन महिन्यांपर्यंत राहतो. तुमच्या मुलीची अशी शस्त्रक्रिया झालेली नसेल तर हे लागू नाही. पण दंतवैद्याला डोळ्यांची फाइल दाखवल्याशिवाय भूल घेऊ नका. काचबिंदू असलेल्या मुलांनी चालू थेंबांची नावं सांगायची, लाळ कमी करणारी काही औषधं त्यांच्यात जपून द्यावी लागतात.

ताईंच्या शाळेसाठीही याच ओघात लिहितो: अंधत्वाचं कारण प्रत्येक मुलाच्या दातांच्या कार्डावर लिहून ठेवा. गर्भात रुबेला झालेल्या मुलांना मोतिबिंदूसोबत बहिरेपण आणि हृदयदोष असू शकतो. दात उशिरा येतात, त्यांचं कवच कच्चं असतं, आणि काही हृदयदोषांत दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस द्यावा लागतो. तुमची ती दोन मुलं या गटातली आहेत का, कागदपत्रांत बघा. फार अपुऱ्या दिवसांची, पडद्याच्या आजाराने नजर गेलेली मुलं असतात, त्यांचंही कवच अनेकदा कच्चं असतं. त्यांना वार्निश दर तीन महिन्यांनी द्या. डोळ्याच्या कर्करोगासाठी लहानपणी किरणोत्सार घेतलेल्यांचे काही कायमचे दात खुजे राहू शकतात किंवा येतच नाहीत, एक्स-रे काढून आधीच माहीत असलेलं बरं.

छोटीची_आई

नाकातून रक्त येतं अधूनमधून. हे दातांच्या डॉक्टरांना सांगायचं असतं हे माहीतच नव्हतं. सांगते, आणि फाइल सोबत नेते. धन्यवाद.

पांढरी_काठी

पडझडीचा विषय कोणी काढला नाही. दृष्टिहीन मुलांमध्ये वरचे पुढचे दात तुटण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यातही ज्यांचे दात पुढे आलेले आहेत त्यांच्यात. हे टाळता येतं.

दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद, अर्धवट कधीही नाही. अर्धवट दाराची कड काठीला लागत नाही, थेट चेहऱ्यावर येते. खाली वाकताना, म्हणजे नळावर, बाकाशी, पडलेली वस्तू शोधताना, एक हात चेहऱ्यासमोर तळवा बाहेर करून धरायची सवय लावा. वसतिगृहात दात तुटतात ते बहुधा नळाच्या तोटीवर आणि पलंगाच्या लोखंडी कडेवर. तोट्यांना जाड रबरी नळीचा तुकडा चढवा, कडांना फोम बांधा. गोलबॉल (आवाज करणाऱ्या चेंडूने खेळायचा अंधांचा खेळ) आणि कबड्डीला दातांवरचं संरक्षक कवच वापरा. दुधाचे-कायमचे दात बदलत असतील तर ते दर हंगामाला नवीन लागतं.

बालदंतवैद्य

याला जोडून. दात मुळासकट बाहेर पडला तर पहिला प्रश्न: दुधाचा की कायमचा? दुधाचा परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते. कायमचा असेल तर मूळ न धरता पांढऱ्या भागाने उचलायचा, माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवायचा, काहीच नसेल तर नळाच्या पाण्याखाली क्षणभर. घासायचा नाही, पुसायचा नाही. जागेवर बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला लावायचा. बसवणं जमत नसेल तर दुधात टाकून लगेच दवाखाना गाठायचा. तासभर कोरडा राहिला तर मुळावरच्या पेशी मरतात. नुसता तुकडा तुटला असेल तर तोही दुधात टाकून आणा, बऱ्याचदा तोच परत चिकटवता येतो.

अधीक्षिका_वसतिगृह

हे स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावते, दूध तिथेच असतं.

शेवटचा प्रश्न, जरा नाजूक. वाढदिवस, पुण्यतिथी, नवस, काही ना काही निमित्ताने देणगीदार गोड घेऊन येतात. आठवड्यात तीन-चार वेळा पेढे, जिलेबी, क्रीमची बिस्किटं. नाही म्हणता येत नाही. काय करावं? आणि सरकारी तपासणीतून दातांचं काही होतं का?

बालदंतवैद्य

गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं याने जास्त फरक पडतो. प्रत्येक वेळी तोंडात अर्धा-पाऊण तास आम्ल राहतं. म्हणून आलेलं गोड जेवणाच्या ताटात वाढा, मधल्या वेळी हातात देऊ नका, आणि पेटीत साठवू तर देऊच नका. जिलेबी जेवणासोबत संपते. क्रीमचं बिस्किट आणि चिक्की दाढेच्या खाचेत चिकटून राहतात, ती जास्त वाईट. फक्त मऊच खाणारी आणि घास गालात धरून ठेवणारी मुलं असतात, त्यांच्या गालाची खाच जेवणानंतर बोट फिरवून रिकामी करायला शिकवा. साखरेची पातळ औषधं दिली की वर पाणी प्यायला द्या.

देणगीदारांसाठी छापील यादी करा आणि फोन आला की तीच पाठवा: फळं, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, उकडलेली अंडी, मऊ ब्रश, १००० पीपीएमची पेस्ट, आवाजाचा टायमर. "साठ मुलांचे तीन महिन्यांचे ब्रश" हे ऐकल्यावर लोक आनंदाने देतात, कारण काय दिलं ते त्यांना सांगता येतं.

तपासणीचं: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची कीड समाविष्ट आहे. २०१३ मध्ये त्याची सुरुवात पालघरहूनच झाली. शासकीय आणि अनुदानित शाळांत पथक वर्षातून एकदा येतं. पथक यायच्या आधी मुलांची कार्डं तयार ठेवा, आणि कीड आढळलेल्यांची संदर्भचिठ्ठी हातात घेतल्याशिवाय पथकाला सोडू नका, नाहीतर नोंद होते आणि उपचार राहतात. उपचारांसाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंतमहाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालयही. बालदंत विभागात गट घेऊन जायचं असेल तर आधी वेळ ठरवा आणि पहिल्या भेटीत काहीच उपचार नकोत म्हणून सांगा. त्या दिवशी मुलांनी फक्त खुर्ची, दिवा, नळी चाचपायची, आवाज ऐकायचे. दुसऱ्या भेटीत वार्निश आणि सीलंट, भरायचं-काढायचं तिसऱ्या भेटीत. दुखणाऱ्या किंवा सुजलेल्या दातासाठी मात्र हा क्रम पाळत बसू नका, त्या मुलाला त्याच दिवशी न्या.

पांढरी_काठी

कार्डं करणार असाल तर ब्रेलमध्ये मुलाची स्वतःची एक प्रत करा. तारीख, कुठल्या दाढेला काय केलं, पुढची भेट कधी. दहा-बारा वर्षांची मुलं ते कार्ड घेऊन स्वतः डॉक्टरांना सांगतात की उजवीकडची खालची दाढ भरून झाली आहे आणि वरची राहिली आहे.